फौजेत मेडिकलची कुठली जागा धरावी, म्हणजे बाहेर आल्यावरही हाताला काम राहील?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा गडहिंग्लज तालुक्यातला. बारावी सायन्स, पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) ग्रुप, एकूण ६१ टक्के, फिजिक्सला ३८ गुण. नीटमध्ये नंबर लागला नाही. आता आर्मीत नर्सिंग असिस्टंट व्हावं, नेव्ही-एअरफोर्सचं मेडिकल असिस्टंट बघावं, की आधी डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) करून शिपाई फार्मा, म्हणजे फौजेतला फार्मासिस्ट, म्हणून जावं? नोकरी संपल्यावर कोल्हापुरात दवाखान्यात काम किंवा स्वतःची लॅब नाहीतर मेडिकल दुकान असा विचार आहे. धाकट्या बहिणीलाही याच लाइनमध्ये जायचं आहे.

आधी त्या ३८ गुणांचं बघू, कारण गाडी तिथंच अडते. आर्मीच्या सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंटसाठी बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय लागतात. एकूण किमान ५० टक्के आणि यातल्या प्रत्येक विषयात किमान ४०. आपलं बोर्ड ३५ ला पास करतं, त्यामुळे निकाल ‘उत्तीर्ण’ असूनही मुलगा अपात्र निघतो, आणि हे बऱ्याचदा कागद तपासणीच्या टेबलावर कळतं. तोवर परीक्षा झालेली असते, मैदान मारलेलं असतं, घरात पेढे वाटायची तयारी असते. तुझं एकूण ६१ असलं तरी ३८ चालत नाहीत. बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेतून फिजिक्सला पुन्हा बस. नेव्हीच्या मेडिकल असिस्टंटलाही प्रत्येक विषयात ४० ची अट आहे. एअरफोर्समध्ये एकूण ५० टक्के आणि इंग्रजीला स्वतंत्र ५० लागतात, म्हणून तुझी इंग्रजीची मार्कशीट पण काढून बघ.

दुसरा गोंधळ नावांचा. ‘अग्निवीर टेक्निकल’ म्हणजे मेडिकल नव्हे. २०२२ ला अग्निपथ आलं तेव्हा आर्मीची शिपाई पदाची भरती चार वर्षांच्या करारावर गेली, पण मेडिकल शाखेचं तांत्रिक केडर त्यातून वगळलं. नर्सिंग असिस्टंट आणि शिपाई फार्मा ही आजही नियमित भरती आहे: पूर्ण सेवा, बढती, आणि १५ वर्षं भरली की पेन्शन. अग्निवीराला चार वर्षांनी साधारण ११.७१ लाखांचा सेवानिधी मिळतो आणि तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के पुढं घेतले जातात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑनलाइन फॉर्मवर कॅटेगरी निवडताना सायबर कॅफेवाल्याच्या हातात माउस देऊ नकोस. पहिलं पान स्वतः वाच.

आता मुख्य मुद्दा. फौजेत कुठला ट्रेड (कामाची शाखा) भारी, हा प्रश्नच थोडा तिरका आहे. बाहेर आल्यावर तुला काम देणारा माणूस ट्रेड विचारत नाही, नोंदणी विचारतो. नर्सला नर्सिंग कौन्सिलची, फार्मासिस्टला फार्मसी कौन्सिलची, लॅबवाल्याला मान्यताप्राप्त डिप्लोमा-डिग्रीची. फौज तुला हात देते, उत्तम देते. पण बाहेर चालणारा कागद प्रत्येक ट्रेडमध्ये मिळतोच असं नाही. म्हणून निवड करताना वर्दीपलीकडे बघायचं आणि विचारायचं, या कामाला बाहेर कुठला कायदा लागू आहे?

या कसोटीवर सगळ्यात पक्की जागा शिपाई फार्माची. इथं तू कागद घेऊनच आत जातोस. बारावीनंतर डी.फार्म (किमान ५५ टक्के) किंवा बी.फार्म (किमान ५० टक्के) आणि फार्मसी कौन्सिलची नोंदणी, वय १९ ते २५. फार्मसी कायदा १९४८ चा, आणि त्यानुसार औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच. आत काम काय? युनिट किंवा हॉस्पिटलचं मेडिकल स्टोअर, डिस्पेन्सरी, मागणीपत्रं, एक्स्पायरीची नोंद, लस आणि इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहतंय की नाही हे फ्रिजच्या थर्मामीटरवर दिवसातून दोनदा बघून रजिस्टरला लिहिणं. पंधरा-सतरा वर्षं हे केलेला माणूस बाहेर आला की त्याच्याकडे नोंदणी असते आणि साठा सांभाळायची सवयही. दुकानासाठी मग औषध परवाना, किमान १० चौरस मीटर जागा आणि भांडवल एवढाच प्रश्न उरतो. हॉस्पिटल फार्मसी, रेल्वे, जिल्हा परिषद, सगळीकडे हीच नोंदणी चालते.

यात गडबड दोन ठिकाणी होते. एक, नव्या तुकड्यांना डी.फार्म पास झाल्यावर एक्झिट एक्झाम दिल्याशिवाय नोंदणी मिळत नाही. मुलं निकाल हातात आला की भरतीच्या मागे लागतात आणि कागद तपासणीच्या दिवशी नोंदणी प्रमाणपत्र ‘प्रोसेसमध्ये’ असतं. प्रोसेस चालत नाही, प्रमाणपत्रच लागतं. दोन, आत गेल्यावर नोंदणीचं नूतनीकरण विसरतात. पोस्टिंग लेहला असो की तेजपूरला, नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवायची. आणि हेही खरं की शिपाई फार्माच्या जागा मोजक्याच निघतात. म्हणून डी.फार्म ‘फौजेसाठी’ करू नये. पोटासाठी करावं आणि फौज लागली तर सोनं, असा हिशेब ठेवावा. दोन वर्षं आणि फी जातेच, पण फौज नाही लागली तरी शिक्षण वाया जात नाही.

नर्सिंग असिस्टंटची गोष्ट वेगळी. जागा जास्त, प्रवेश थेट बारावीवर, वय साडेसतरा ते २३. प्रशिक्षण लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर सेंटरला: आधी सैनिकी, मग वैद्यकीय. पुढं कोण वॉर्डात, कोण ऑपरेशन थिएटरला, लॅबला, एक्स-रेला, रक्तपेढीला, कोण आरोग्य सहायक, हे गुणवत्ता, कल आणि रिकाम्या जागा यांवर ठरतं. मला लॅबच पाहिजे असं म्हणून चालत नाही. पण प्रशिक्षणातले गुण वर असले की शब्दाला वजन येतं, एवढं तुझ्या हातात आहे.

बहुतेकांच्या वाट्याला युनिटची एमआय रूम (छोटा दवाखाना) किंवा हॉस्पिटलचा वॉर्ड येतो. काम खऱ्या अर्थानं सगळं शिकवतं: सलाइन, ड्रेसिंग, टाके, उंचीवरचा आजार ओळखणं, जखमीला स्ट्रेचरवर घेऊन उतरणं. आरोग्य सहायकाचं काम लोकांना माहीतच नसतं, म्हणून एक नमुना सांगतो. युनिट नव्या ठिकाणी उतरलं, पाणी ओढ्याचं. हॉरॉक्स नावाची एक पेटी असते. तिच्यात सहा पांढरे कप, एक काळा कप, दोन ग्रॅमचा चमचा. काळ्या कपात एक सपाट चमचा ब्लीचिंग पावडर, थोड्या पाण्यात लगदा करून आतल्या खुणेपर्यंत पाणी घालून ढवळायचं आणि निवळू द्यायचं. सहा पांढऱ्या कपांत ओढ्याचं पाणी भरायचं. पहिल्यात काळ्या कपातल्या द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येईल त्याचा नंबर बघायचा. तिसऱ्यात आला तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर. इथं माणसं चुकतात ती पावडरीत. डबा उघडा राहून क्लोरीन उडालेलं असतं, एकाही कपाला निळा येत नाही आणि दोष पाण्याला देतात. आता बघ, हे येणारा माणूस नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा रेल्वेला किती उपयोगी आहे! पण रेल्वेच्या हेल्थ अँड मलेरिया इन्स्पेक्टर पदाला केमिस्ट्रीसह बी.एस्सी. आणि एक वर्षाचा सॅनिटरी किंवा हेल्थ इन्स्पेक्टर डिप्लोमा लागतो. हात आहे, कागद नाही. फौजेतल्या जवळपास प्रत्येक मेडिकल ट्रेडचं दुखणं हेच.

वॉर्डातल्या नर्सिंग असिस्टंटला बाहेर ‘नर्स’ म्हणून नोंदणी आपोआप मिळत नाही. त्यासाठी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग लागतं. खासगी दवाखाने अशा माणसांना घेतात, कारण रात्रपाळीला न डगमगणारा हात त्यांना हवाच असतो. पण पगार ‘असिस्टंट’चाच राहतो.

लॅबचा ट्रेड मिळाला तर परिस्थिती जरा बरी. बाहेरही काम तेच आहे, फक्त यंत्रं बदलतात. मात्र २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यानं लॅब, रेडिओलॉजी, ऑपरेशन थिएटर अशा कामांना नोंदणीची चौकट आणली आहे. अलाइड व्यावसायिकाचा डिप्लोमा किंवा डिग्री किमान २,००० तासांची असावी असं त्यात आहे. म्हणून आतल्या प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र घेताना तीन गोष्टी बघ: ते कुठल्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं आहे, तास किती लिहिलेत, आणि विषयवार गुणपत्रिका सोबत आहे का. नुसतं ‘कोर्स क्वालिफाइड’ असं सर्व्हिस बुकात असून भागत नाही. पंधरा वर्षांनी ती गुणपत्रिका काढायला पत्रव्यवहारात वर्ष जातं.

रक्तपेढीत तंत्रज्ञ व्हायचं तर औषध नियमांतच पात्रता लिहिलेली आहे: एमएलटीची (लॅब तंत्रज्ञानाची) पदवी आणि रक्त तपासणीचा सहा महिन्यांचा अनुभव, किंवा डिप्लोमा आणि एक वर्ष. एक्स-रेलाही एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमानुसार मान्यताप्राप्त पात्रतेचा माणूस लागतो, छातीला किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज लागतो. तपासणीला माणसं येतात, त्यामुळे चांगला डॉक्टरही इथं डोळेझाक करू शकत नाही. ऑपरेशन थिएटर हे त्या मानानं अजून हातावर चालणारं खातं आहे. ट्रॉली लावता येते का, पोट शिवण्याआधी गॉजची मोजणी बिनचूक सांगता येते का, हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह १२१ अंश आणि १५ पौंड दाबावर पुरता वेळ चालला की नाही हे टेप काळी झाली एवढ्यावर न ठरवता रजिस्टरवरून सांगता येतं का, हे बघूनच सर्जन माणूस ठेवतात. कोल्हापुरात सर्जन भरपूर आहेत, हात असलेला माणूस रिकामा बसत नाही. माझ्या मते नर्सिंग असिस्टंटमधून निवडायची वेळ आलीच तर लॅब पहिली, थिएटर दुसरं, एक्स-रे तिसरं. वॉर्ड त्यानंतर.

आता एक सवलत, जिच्याबद्दल गावोगावी अर्धवट माहिती फिरते. ‘पंधरा वर्षं झाली की फौजी ग्रॅज्युएट धरला जातो.’ खरं आहे, पण पूर्ण वाक्य असं: दहावी पास आणि १५ वर्षं सेवा झालेला माजी सैनिक केंद्राच्या गट-क मधल्या माजी सैनिकांसाठी राखीव अशा पदांना पदवीधर समजला जातो, जिथं तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता अत्यावश्यक नाही. म्हणजे क्लार्क चालेल. फार्मासिस्ट, स्टाफ नर्स, लॅब टेक्निशियन ही तांत्रिक पदं आहेत, तिथं ही सवलत लागूच होत नाही. मेडिकलच्या माणसाला नेमकी त्याच्याच खात्यात ती उपयोगाची नाही.

याच्या उलट एक ठिकाण असं आहे की फौजेचा वर्ग जसाच्या तसा मान्य होतो: ईसीएचएस पॉलिक्लिनिक, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना. कोल्हापुरातही आहे. तिथल्या कंत्राटी भरतीत नर्सिंग असिस्टंटला ‘जीएनएम किंवा सशस्त्र दलांचा क्लास वन नर्सिंग असिस्टंट कोर्स’ अशी पात्रता असते. लॅब आणि फिजिओथेरपीलाही क्लास वन चालतो. इथं ‘क्लास वन’ हा शब्द महत्त्वाचा. आत क्लास थ्री, टू, वन अशा परीक्षा असतात. नाईक पदाची फीत लागली, पगार येतोय, मग कशाला पुन्हा पुस्तकं, म्हणून कित्येक जण क्लास टू वर थांबतात. निवृत्तीनंतर जाहिरात बघून डोक्याला हात लावतात. क्लास वन केल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, हे आत्ताच ठरव.

कारखान्यांचंही लक्षात ठेव. ५०० पेक्षा जास्त कामगार असले की अॅम्ब्युलन्स रूम ठेवणं बंधनकारक. कागल पंचतारांकित, शिरोली, गोकुळ शिरगाव, शिवाय साखर कारखाने. फाउंड्रीत भाजणं, बोट चिरडणं रोजचं, आणि तिथं फौजेतला माणूस शांत डोक्यानं काम करतो. पगार फार नाही, पण पेन्शनच्या जोडीला ठीक.

दोन गोष्टी अजिबात करू नकोस. पहिली, पत्रव्यवहारानं डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा). नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी आणि पॅरामेडिकल हे अभ्यासक्रम दूरशिक्षणानं चालवायला यूजीसीची मनाई आहे. तरी नोकरीत असताना ‘घरबसल्या डिप्लोमा’ विकणारे फोन येतात आणि हातात येतो तो कागदाचा चिठोरा. सेवेत असताना शिकायचंच तर इग्नूमधून साधी पदवी कर. ती बिगर-तांत्रिक पदांना आणि आतल्या बढतीला उपयोगी पडते. दुसरी, निवृत्तीनंतर गावात सुई-सलाइन. प्रत्येक खोऱ्यात एखादे ‘मिलिटरी डॉक्टर’ असतातच, लोकांचा विश्वासही असतो. पण महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स कायदा १९६१ च्या कलम ३३ नुसार नोंदणीशिवाय वैद्यकी करणं गुन्हा आहे. एक पेशंट अॅलर्जीनं गेला की माणूस तुरुंगात, आणि पेन्शनही धोक्यात.

नेव्ही आणि एअरफोर्स. उंचीत कमी पडत असशील तर आधी इकडंच बघ. नेव्हीत १५७ सेंटिमीटर पुरते, एअरफोर्सला त्याहूनही कमी चालते. आर्मीत आपल्या पट्ट्यासाठी मर्यादा बरीच वर आहे. नेव्हीचा मेडिकल असिस्टंट ओडिशातल्या आयएनएस चिल्काला पायाभूत प्रशिक्षण घेतो, पुढचं वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नेव्हीच्या हॉस्पिटलात. एअरफोर्सचा मेडिकल असिस्टंट पायाभूत प्रशिक्षणाला बेळगावला सांबऱ्यात येतो, म्हणजे तुमच्या गडहिंग्लजहून दोन तासांवर. एअरफोर्सचा सुरुवातीचा करार २० वर्षांचा. एअरफोर्समध्ये फार्मसी डिप्लोमा-पदवीवाल्यांसाठी वेगळा प्रवेश आहे आणि त्याला वयात थोडी सूट आहे. डी.फार्म केलंस तर हा दुसरा दरवाजाही उघडतो. मोठ्या हॉस्पिटलात जास्त वर्षं काढायला मिळणं ही या दोन दलांची जमेची बाजू. आर्मीत युनिटबरोबर डोंगरात जास्त काळ जातो.

जनावरांची आवड असेल तर नर्सिंग असिस्टंट व्हेटरिनरी म्हणून रिमाउंट व्हेटरिनरी कोअरचाही (फौजेच्या जनावरांच्या शाखेचाही) रस्ता आहे. गोकुळ दूध संघाचा जिल्हा म्हणून लोकांना ते आकर्षक वाटतं. पण गाई-म्हशींवर उपचार करायलाही नोंदणी लागतेच, त्यामुळे तिथंही तेच कागदाचं रडगाणं.

बहिणीचं गणित तुझ्यापेक्षा सोपं आणि सरस आहे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचं चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग पुण्याचं एएफएमसी (फौजेचं मेडिकल कॉलेज), मुंबईचं अश्विनी, दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बेंगळुरू इथं मिळून २२० जागांवर होतं. निवड नीटच्या गुणांवरून, पुढं चाचणी आणि मुलाखत. सध्या हा प्रवेश फक्त मुलींना. बाहेर पडते ती लेफ्टनंट होऊन, आणि हातात कौन्सिलला चालणारी पदवी असते. म्हणजे तू आयुष्यभर ज्या कागदाच्या मागं लागशील तो तिला पहिल्याच दिवशी मिळतो. तिला आतापासून नीटला बसव, इंग्रजी बोलायची सवय लाव. मुलाखत इंग्रजीत अडते.

भरतीचं बोलायचं तर कोल्हापूरच्या आर्मी रिक्रूटिंग ऑफिसकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा येतात. आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान. इथल्या अॅकॅडम्या १,६०० मीटर, नऊ फुटी खंदक आणि पुल-अप्स घोटून घेतात, पण नर्सिंग असिस्टंटच्या पेपरात बायोलॉजी-केमिस्ट्री विचारतात हे त्यांच्या टाइमटेबलात नसतं. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, त्यामुळे अंदाजपंचे गोळे रंगवू नकोस. पीसीबीवाल्यांनी दहावीचं गणितही एकदा चाळावं. मेडिकल तपासणीत कानातला मळ, रंगांधळेपणा, गुडघे आपटणं यावर मुलं परत येतात. कान आठवडाभर आधी डॉक्टरकडून साफ करून घे, काडी घालू नकोस. गोंदणाचं म्हणशील तर हाताची आतली बाजू, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताची मागची बाजू एवढंच चालतं. दंडावर महाराज गोंदवून घेतलेली मुलं दरवर्षी हळहळत परत जातात.

तुझ्यापुरतं सांगायचं तर या महिन्यात फिजिक्सच्या श्रेणीसुधारचा फॉर्म भर आणि डी.फार्मच्या प्रवेशाची तारीख काढ. दोन्ही बरोबर चालतं. फिजिक्स ४० च्या वर गेलं आणि नर्सिंग असिस्टंटची भरती आधी निघाली तर तिला बस, मिळाली तर जा, आणि लखनौला पहिल्या दहात यायचा प्रयत्न कर. नाही निघाली तर डी.फार्म पूर्ण कर, एक्झिट एक्झाम दे, नोंदणी घे. तोवर तू एकवीस-बावीसचा असशील आणि शिपाई फार्माला २५ पर्यंत वेळ आहे.